अतिदक्षता विभागातील रुग्ण सुधारतो आहे की नाही, हे नातेवाइकांनी कशावरून ओळखावे?

नीलमोहर

नमस्कार. माझ्या आईला न्यूमोनिया झाला, त्यातून सेप्सिस (जंतुसंसर्गामुळे अवयव बिघडू लागणे) झाला आणि तिला अतिदक्षता विभागात हलवावे लागले. घशातून नळी घालून तिला व्हेंटिलेटरवर ठेवले आहे, रक्तदाब टिकवण्यासाठी नॉरॲड्रेनालिन चालू आहे आणि लघवीचे प्रमाण घटल्यामुळे डायलिसिस करावे लागेल, अशी शक्यता डॉक्टरांनी बोलून दाखवली आहे. तिचे वय ६२ आहे. मधुमेह आहे, परंतु या दुखण्यापूर्वी ती स्वतःची सर्व कामे स्वतः करत असे.

डॉक्टर दिवसातून एकदा भेटतात आणि मोकळेपणाने बोलतात, पण त्या काही मिनिटांत नेमके काय विचारावे हेच आम्हाला सुचत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी सोफा स्कोअर १० असल्याचे सांगितले. माझ्या भावाने त्यावरून इंटरनेटवर टक्केवारी शोधली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. तिला दिवसाचे बरेच तास पालथे झोपवतात, आणि आता गुंगीचे औषध काही वेळ थांबवून तिला जागे करून पाहणार आहेत. इतक्या आजारी व्यक्तीला विश्रांती देण्याऐवजी जागे का करायचे, हे आम्हाला समजत नाही. हा आकडा किती मनावर घ्यावा, सुधारणा कशात पाहावी आणि ती यातून बाहेर आली तर पुढचे आयुष्य कसे असेल, याबद्दल जाणकारांनी कृपया लिहावे.

क्षितिज

मी अतिदक्षता विभागात काम करणारा डॉक्टर आहे. आपल्या आईंचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्या उपचारांवर मत देणार नाही. परंतु आपण विचारलेल्या गोष्टी समजावून सांगता येतील.

प्रथम आकड्याविषयी. सोफा स्कोअरमध्ये श्वसन, रक्ताभिसरण, यकृत, मूत्रपिंड, रक्त गोठण्याची क्रिया आणि मेंदू या सहा व्यवस्थांना प्रत्येकी ० ते ४ गुण दिले जातात. बेरीज जितकी जास्त, तितका अवयवांवरचा ताण अधिक. मात्र पहिल्या दिवसाचा आकडा हे केवळ त्या दिवसाचे चित्र असते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, पहिल्या ४८ तासांत ज्यांचा स्कोअर वाढला त्यांच्यापैकी किमान निम्मे रुग्ण दगावले, तर ज्यांचा उतरला त्यांच्यात हे प्रमाण २७ टक्क्यांपेक्षा कमी होते. म्हणून भावाला सांगा की, सुरुवातीच्या १० या आकड्याभोवती फिरत बसण्यापेक्षा आजचा स्कोअर किती आणि परवा किती होता, हे विचारावे. शिवाय टक्केवारी ही मोठ्या समूहाची असते. शंभरांपैकी चाळीस जण दगावतात हे माहीत असले, तरी समोरची व्यक्ती त्या चाळिसांत आहे की साठांत, हे तो आकडा सांगू शकत नाही. तो विभागांची तुलना करण्यासाठी आणि संशोधनासाठी जितका उपयोगी आहे, तितका एका माणसाचे भविष्य सांगण्यासाठी नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे, तिथली बहुतेक यंत्रे आजार बरा करत नाहीत, ती वेळ मिळवून देतात. अतिदक्षता विभागाची सुरुवातच अशी झाली. १९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वसननलिकेत थेट नळी बसवून हाताने पिशवी दाबत श्वास देण्याची पद्धत सुचवली, आणि वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून आठवडेच्या आठवडे त्या पिशव्या दाबत राहिले. पोलिओवर त्यांच्याकडे औषध नव्हते, तरीही मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. आपल्या आईंच्या बाबतीत जंतूंशी प्रतिजैविके आणि त्यांचे स्वतःचे शरीर लढत आहे. तोपर्यंत फुप्फुसे, रक्तदाब आणि मूत्रपिंडे यांना आधार द्यायचा आणि त्या आधारामुळेच इजा होऊ द्यायची नाही, एवढे आमचे काम.

ही इजा खरी असते. पूर्वी व्हेंटिलेटरने मोठमोठे श्वास दिले जात. २००० साली ८६१ रुग्णांवरील चाचणीत, दर किलोमागे १२ मिलिलिटरऐवजी ६ मिलिलिटर हवेचा श्वास दिल्यावर मृत्यूंचे प्रमाण ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आले. आजारी फुप्फुसाचा हवा घेऊ शकणारा भाग लहान उरलेला असतो, त्यामुळे मोठा श्वास त्यालाच ताणून दुखावतो. हे किलो प्रत्यक्ष वजनाचे नसून उंचीवरून काढलेले असतात, कारण वजन वाढले म्हणून फुप्फुसे वाढत नाहीत. १६० सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीसाठी हे वजन सुमारे ५२ किलो येते, म्हणजे एक श्वास साधारण ३१५ मिलिलिटरचा.

पालथे झोपवण्यामागेही हाच विचार आहे. उताणे झोपल्यावर हृदयाचा आणि पोटाचा भार फुप्फुसांच्या पाठीकडील भागावर येतो आणि तो दबून राहतो. पालथे केल्यावर तो भाग उघडतो व हवा अधिक समान पसरते. २०१३ च्या एका चाचणीत, फुप्फुसे फारच बिघडलेल्या रुग्णांना दररोज किमान १६ तास पालथे ठेवल्यावर २८ दिवसांतील मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. आमच्या क्षेत्रात एका साध्या कृतीने इतका फरक पडल्याची उदाहरणे फार थोडी आहेत.

रोजच्या भेटीत तीन गोष्टी विचारा. व्हेंटिलेटरमधून किती टक्के ऑक्सिजन द्यावा लागतो आहे? नॉरॲड्रेनालिनचा डोस कालच्यापेक्षा कमी आहे की जास्त? चोवीस तासांत लघवी किती झाली? रक्तदाबाचा आकडा औषधामुळे चांगला दिसू शकतो. तोच रक्तदाब कमी औषधावर टिकत असेल, तर ती खरी सुधारणा. एखादा दिवस मागे गेला म्हणून लगेच खचू नका, कारण हा प्रवास सरळ रेषेत होत नाही. परंतु सलग दोन-तीन दिवस तिन्ही गोष्टी बिघडत असतील, तर तसे स्पष्ट विचारा.

सेवंती

मी याच विभागात परिचारिका आहे, त्यामुळे जागे करण्याबद्दल मी लिहिते. गुंगीतल्या माणसाकडे पाहून नातेवाइकांना तो शांत विश्रांती घेत आहे असे वाटते. प्रत्यक्षात ती झोप नसते. औषध शरीरात साठत जाते, श्वासाचे स्नायू दुबळे होतात आणि नळी निघायला उशीर होतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज एकदा गुंगीचे औषध थांबवून रुग्णांना जागे केले गेले, तेव्हा व्हेंटिलेटरवरचा काळ सुमारे ७ दिवसांवरून ५ दिवसांवर आला. जागे केल्यावर आईंची घालमेल झाली, त्या खोकल्या, हात उचलू लागल्या, तर घाबरू नका. आम्ही शेजारीच असतो आणि त्रास वाढला तर औषध पुन्हा सुरू केले जाते. वेदनाशामक औषध वेगळे असते आणि गरज असेल तर ते चालूच ठेवतात.

जागे झाल्यावर आम्ही आणखी एक तपासणी करतो. रुग्णाचा हात हातात घेऊन दहा अक्षरे सावकाश वाचायची आणि ठरावीक अक्षर आले की हात दाबायला सांगायचे. अक्षरे चुकत असतील, लक्ष टिकत नसेल, तर डिलिरियम, म्हणजे आजारपणात मेंदूचा उडणारा गोंधळ, असण्याचा संभव असतो. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमध्ये तो फार सर्रास आढळतो. काही जण आरडाओरडा करतात, नळ्या ओढतात. पण बरेच जण अगदी गप्प पडून असतात, आणि हा गप्प प्रकार सहज नजरेतून सुटतो. आईंनी ओळखले नाही किंवा नळी निघाल्यावर त्या काहीतरीच बोलू लागल्या, तर ते कायमचे आहे असे समजू नका.

इथे आपला खरा उपयोग आहे. त्यांचा चष्मा आणि कानाचे यंत्र असेल तर आणून द्या. भेटल्यावर आधी आपले नाव, मग वार आणि वेळ सांगा, त्या रुग्णालयात का आहेत ते सांगा, आणि रोज सांगा. ऐकू येत नसेल असे गृहीत धरून त्यांच्या उशाशी उभे राहून त्यांच्याच प्रकृतीची चर्चा करू नका, एवढी कळकळीची विनंती. विभागाची परवानगी असेल तर एक वही ठेवा आणि आज काय झाले, कोण आले, कोणता उपचार झाला, ते दोन ओळींत लिहीत जा. शुद्धीवर आल्यावर पुष्कळांना मधले दिवस आठवत नाहीत आणि जे आठवते ते भयानक भासांचे असते. अशी वही वाचल्यामुळे त्या आठवणी जागेवर बसायला मदत होते, असे अभ्यासांतही दिसले आहे.

हातपाय हलवण्याचा व्यायाम व्हेंटिलेटरवर असतानाच सुरू होतो का, हेही विचारा. २००९ च्या एका चाचणीत लवकर व्यायाम सुरू केलेल्या गटातील ५९ टक्के रुग्ण घरी जाताना स्वतःची कामे स्वतः करू शकत होते; नेहमीच्या पद्धतीत हे प्रमाण ३५ टक्के होते.

वाटसरू

माझे पती अशाच आजारातून वाचले, म्हणून मी आपल्या शेवटच्या प्रश्नाबद्दल लिहिते. तो प्रश्न आम्ही त्या वेळी विचारलाच नव्हता, आणि कोणी आपणहून सांगितलेही नाही. आम्हाला वाटले, घरी आले म्हणजे संपले. घरी आल्यावर पाण्याचा पेला ओठांपर्यंत नेताना त्यांचा हात थरथरत असे आणि दोन्ही हातांनी धरूनही पाणी सांडत असे. फुप्फुसांचा अहवाल चांगला होता. दुबळेपणा स्नायूंचा होता.

नंतर वाचन केल्यावर कळले की यात नवल नव्हते. अतिदक्षतेतल्या पहिल्या दहा दिवसांत मांडीच्या स्नायूचा सुमारे सहावा भाग झिजू शकतो. टोरांटोतील संशोधकांनी फुप्फुसे गंभीर बिघडून वाचलेल्या रुग्णांचा पाठपुरावा केला. त्यातल्या बहुतेकांची फुप्फुसे सहा महिन्यांत जवळजवळ पूर्ववत झाली होती, परंतु वर्षानंतरही जेमतेम निम्मे जण कामावर परतले होते, आणि ते रुग्ण तर मध्यम वयाचे होते. २०१३ मधल्या दुसऱ्या एका अभ्यासात, वर्ष उलटल्यावरही सुमारे एक तृतीयांश लोकांची स्मरणशक्ती व विचारशक्ती डोक्याला मध्यम स्वरूपाची इजा झालेल्या माणसाइतकी मंदावलेली आढळली. डिलिरियम जितका लांबला, तितका हा परिणाम अधिक होता. माझे पती हिशेबात पक्के होते. त्यांना महिन्याचा खर्च मांडताना पुन्हा पुन्हा पहिल्या ओळीवर यावे लागे, आणि त्याचा त्यांना आजारापेक्षा जास्त त्रास झाला.

हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. त्यांच्यात पुष्कळ सुधारणा झाली, पण ती महिन्यांच्या मापाने झाली. घरी सोडताना फिजिओथेरपी, आहार, झोप, मनःस्थिती आणि पुढच्या तपासण्या यांची आखणी मागून घ्या. स्वतःच्या मनाकडेही पाहा. जवळच्या माणसांनाही नंतर बराच काळ भीती आणि निद्रानाश सतावतो.

आणि एक अवघड गोष्ट. आईंना कसे जगणे मान्य असेल आणि कसे नसेल, याविषयी त्या पूर्वी काही बोलल्या असतील तर ते डॉक्टरांना आत्ताच सांगा. असे बोलणे म्हणजे आशा सोडणे, असे मला वाटत नाही.

नीलमोहर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. आज विचारल्यावर कळले की ऑक्सिजन ७० टक्क्यांवरून ५० वर आला आहे आणि नॉरॲड्रेनालिन थोडे कमी केले आहे. लघवी मात्र अजून कमीच आहे. नळी लवकर निघाली नाही तर मानेतून छिद्र करून ट्रॅकिओस्टोमी करू, असे डॉक्टर म्हणाले. ती लवकर केलेली बरी, असे काही नातेवाईक सांगतात. यावर आणि वाटसरू यांच्या शेवटच्या सूचनेवर क्षितिज यांचे मत जाणून घ्यायला आवडेल.

क्षितिज

पहिल्या दोन बाबी योग्य दिशेने जात आहेत. मूत्रपिंडे बहुधा सर्वांत शेवटी सावरतात, त्यामुळे लघवी मागे राहिली म्हणून बाकीची सुधारणा खोटी ठरत नाही. डायलिसिस करावे लागले, तरी वाचलेल्या बहुतेकांना ते काही काळच लागते. मधुमेहामुळे मूत्रपिंडे आधीच कमकुवत होती का, हे विचारून ठेवा, कारण त्यावर पुष्कळ अवलंबून असते.

ट्रॅकिओस्टोमीची घाई करण्याचे कारण नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत ती पहिल्या चार दिवसांत करणे आणि दहा दिवस थांबून गरज उरली तरच करणे, यांची तुलना झाली. तीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखे, ३१ टक्क्यांच्या आसपास निघाले, आणि थांबलेल्या गटातील निम्म्याहून अधिक जणांवर ती शस्त्रक्रिया झालीच नाही. काहींची नळी तोवर निघाली होती, काही दगावले होते. नळी लवकर निघणार नाही हे स्पष्ट झाल्यावर मात्र ट्रॅकिओस्टोमीचे फायदे आहेत. गुंगीचे औषध कमी लागते, तोंड मोकळे राहते आणि व्यायामाला बसवणे सोपे जाते. पुढे बहुतेक वेळा ती काढता येते आणि छिद्र बुजते.

वाटसरू यांच्याशी मी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. पहिल्या काही दिवसांत आम्हालाही पुढचे स्पष्ट दिसत नसते, म्हणून मर्यादा घालण्याचा निर्णय घाईने घेऊ नये. त्याऐवजी डॉक्टरांशी मुदत ठरवावी. समजा, येत्या पाच ते सात दिवसांत सर्व उपचार पूर्ण जोराने द्यायचे, कोणत्या गोष्टी सुधारायला हव्यात ते आधीच बोलून ठेवायचे आणि त्या दिवशी पुन्हा एकत्र बसायचे. त्या बैठकीला तुम्ही दोघे भावंडे एकत्र जा, म्हणजे दोघांच्या कानांवर एकच माहिती पडेल. आईंना काय हवे होते, हे तुमच्याइतके कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे ते तिथे तुम्हीच मांडायला हवे. ट्रॅकिओस्टोमीचा निर्णयही त्याच दिवशी घेता येईल.