युती की आघाडी, आणि त्यात आपले मत : तुमचे अनुभव लिहा

वैशाली_परळ
पुतणीला अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून परवा तिचा मतदार नोंदणीचा नमुना ६ भरायला बसलो होतो. तिने सहज विचारले, "आत्या, तू २०१९ ला कोणाला मत दिलेस आणि पुढे त्याचे काय झाले?" पहिले उत्तर सोपे होते, मी युतीला मत दिले होते. भाजपचे १०५ आणि शिवसेनेचे ५६ आमदार निवडून आल्यावर सरकार कोणाचे येणार, याविषयी आमच्या घरात कोणालाही शंका नव्हती. मग २३ नोव्हेंबरचा फडणवीस-अजित पवारांचा सकाळचा शपथविधी झाला, २८ ला उद्धव ठाकरेंचा शिवाजी पार्कवरचा झाला, ३० जून २०२२ ला सेनेतून फुटलेल्या एकनाथ शिंदेंचा आणखी एक झाला आणि २ जुलै २०२३ ला राष्ट्रवादीचा एक गटही सरकारात आला. एकाच विधानसभेच्या मुदतीत चारही मोठे पक्ष कधी ना कधी सत्तेवर बसले. हे सारे मुलीला सांगताना माझा आवाज चढला, इतका तो राग अजून ताजा आहे. तुम्हालाही असे वाटले असेल तर अवश्य लिहा.

लालबागची_मीनल
आईला वाचता येत नाही, ती चिन्ह ओळखून मत देते. दक्षिण मुंबईत २०१९ च्या लोकसभेला ज्या उमेदवाराला तिने धनुष्यबाणावर मत दिले, तेच सेना फुटल्यावर २०२४ ला मशालीवर उभे होते आणि धनुष्यबाण समोरच्या उमेदवाराकडे होता. आदल्या रात्री मी कागदावर दोन्ही चिन्हे काढून दाखवली. तिने बराच वेळ बाणावर बोट ठेवले आणि विचारले, "हा आता आपला नाही का?" मला काहीच बोलवेना.

सुहास_डी
मीनलताई, आमच्या आजोबांचेही अगदी हेच झाले. कोणाला मत गेले ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते, तेवढ्यात त्यांना खात्री पटली नाही आणि ते घरी येईपर्यंत अस्वस्थ होते.

अंधेरीकर
नोव्हेंबर २०२२ च्या अंधेरी पूर्वच्या पोटनिवडणुकीत प्रमुख विरोधी उमेदवाराने माघार घेतली, तेव्हा आमच्या इमारतीतील अनेकांनी 'नोटा'चे, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही'चे बटण दाबले, मीही दाबले. 'नोटा'ला १२,८०६ मते पडून तो दुसऱ्या क्रमांकावर आला. निकालावर काडीचाही परिणाम झाला नाही, तरीही नाराजी कुठेतरी आकड्यात नोंदली गेली याचे मला समाधान आहे.

रेखा_जोगेश्वरी
काका, समाधान समजते, पण मी सहमत नाही. मुंबई उत्तर पश्चिममध्ये २०२४ ला खासदार केवळ ४८ मतांनी ठरला. आमच्या मजल्यावरचे दोघे त्या दिवशी उन्हाला आणि रांगेला कंटाळून मत न देताच परतले होते. दोन्ही बाजू नकोशा असल्या तरी दोघांपैकी एक आपल्यावर राज्य करणारच आहे, आणि कोणी करावे हे शेजारच्या वाडीने का ठरवावे?

अ_कुलकर्णी
मुळात पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ मध्ये आला तो हेच थांबवण्यासाठी. एक तृतीयांश आमदारांनी फुटण्याची मुभा २००३ च्या घटनादुरुस्तीने काढून टाकली, तरी अपात्रतेचा निर्णय विधानसभेच्या अध्यक्षांकडेच राहिला, आणि अध्यक्ष बहुधा सत्ताधारी बाजूचेच असतात. शिवसेनेच्या प्रकरणात जून २०२२ च्या फुटीवरचा निर्णय १० जानेवारी २०२४ ला आला आणि कोणत्याही गटाचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. निर्णयाला कालमर्यादा हवी, ही मागणी दोन्ही बाजूंच्या मतदारांनी मिळून करायला हवी, कारण पुढच्या खेपेस फसवले जाणारे कोणीही असू शकेल.

मीरा_भांडुप
थोडे वेगळे लिहिते. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूकच झाली नाही. आमच्या गल्लीतले गटार तुंबले की पूर्वी नगरसेवकाच्या कार्यालयात जाऊन हट्टाने बसता येत असे. त्या काळात दाद मागायला माणूसच नव्हता, आणि निवडणुका वेळेवर घ्या म्हणून दोन्हीपैकी कोणतीही बाजू आमच्या वस्तीत एकदाही फिरकली नाही.

वैशाली_परळ
मीराताई, हे मनाला लागले. पालिकेच्या निवडणुकीत 'नोटा'चे नियम वेगळे असतात का?

अ_कुलकर्णी
हो. राज्य निवडणूक आयोगाच्या २०१८ च्या आदेशानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत 'नोटा'ला सर्वाधिक मते मिळाल्यास त्या जागेसाठी फेरनिवडणूक घ्यावी लागते. विधानसभा आणि लोकसभेला ही तरतूद नाही. पुतणीला हा फरक जरूर सांगा.