मराठी टायपिंगसाठी मेकॅनिकल कीबोर्ड: कोणता घ्यावा?

टाक_दौत:
मंडळी, मी घरून अनुवादाचं काम करते. दिवसभर इनस्क्रिप्टवर (देवनागरीच्या प्रमाण कळरचनेवर) मराठी टायपिंग. संध्याकाळपर्यंत डावी करंगळी आणि उजवा खांदा भरून येतो. मेकॅनिकल कीबोर्डने फरक पडेल का? बजेट पाच हजार. रात्री त्याच खोलीत बाळ झोपतं, म्हणून आवाज नको.

कळफलक:
ताई, मेकॅनिकलमध्ये प्रत्येक कळेखाली वेगळा स्विच असतो, रंगावरून त्याचा प्रकार कळतो. निळे टकटक करतात, म्हणून ते बाद. निळ्या स्विचच्या टीव्हीएस गोल्ड कीबोर्डची टकटक बँकेच्या काउंटरवर ऐकली असेलच. मजबूत आहे, पण बाळ उठेल.

साध्या कीबोर्डात कळेखाली रबराची वाटी असते, ती जवळजवळ तळापर्यंत दाबावी लागते. चेरी कंपनीच्या लाल किंवा तपकिरी स्विचची कळ 4 मिमी खाली जाते, अक्षर मात्र 2 मिमीवरच उमटतं. जुन्या सवयीने कळ तळावर आपटत राहिलात तर हा फायदा मिळणार नाही. तपकिरीत वाटेत हलका उंचवटा लागतो, तिथेच बोट उचलायची सवय होते. लाल सरळ खाली जातो, बोट जरा जड विसावलं तर चुकून अक्षर पडू शकतं. तुम्हाला तपकिरीच घ्या म्हणेन.

करंगळीचं कारण इनस्क्रिप्टच्या रचनेतच आहे. ख, घ, थ, ध, भ हे सगळे उजव्या हाताला आणि शिफ्टवर, म्हणजे शिफ्ट धरते डावी करंगळी. ‘भाषा’ लिहून बघा, दोनदा शिफ्ट! विंडोजमध्ये ‘स्टिकी कीज’ चालू करा. शिफ्ट दाबून सोडायचा, मग अक्षर. फुकट आहे, आजच करून बघा.

सुपारी:
खांद्याचं बहुधा माउसमुळे असेल. नंबरपॅडच्या पलीकडे हात सारखा लांबतो. 87 कळांचा टेनकीलेस (नंबरपॅड नसलेला) घ्या, माउस जवळ येईल. मेकॅनिकल उंच असतात, त्यामुळे मागचे पाय मिटूनच ठेवा, नाहीतर मनगट वर वाकतं. टेबल उंच असेल तर आधी खुर्ची वर घ्या. बोटांना मुंग्या येत असतील तर मात्र खरेदी राहू द्या, आधी डॉक्टरांना दाखवा.

टाक_दौत:
मुंग्या नाहीत. स्टिकी कीज आत्ताच चालू केलं, करंगळीला खरंच सुटल्यासारखं वाटतंय. पण कळांवर देवनागरी अक्षरं नसतील ना?

कळफलक:
बहुतेकांवर नसतात. तुमचा हात बसलेला आहे, अडणार नाही. घेताना ‘हॉट-स्वॅप’ आहे ना, एवढं विचारा. तपकिरी नाही रुचला तर सोल्डरिंग न करता स्विच उपसून दुसरे बसवता येतात.