फँटसीतल्या मेजवान्या: वाचायच्या की पानं उलटायची?

ताकभात

परवा आमच्या वाचनकट्ट्यावर एका मुलीने टॉल्किनचं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' वाचायला घेतलं म्हणून सांगितलं. लगेच एकाचा सल्ला आला: "पहिलं प्रकरण सोडून दे, नुसती बर्थडे पार्टी आहे. खरी गोष्ट दुसऱ्यापासून." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला ते जाम खटकलं, म्हणून हा धागा.

वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. बिल्बो बॅगिन्स १११ वर्षांचा होतो आहे. त्याच दिवशी त्याचा वारस फ्रोडो ३३ वर्षांचा होतो, म्हणजे हॉबिट नावाच्या त्या बुटक्या लोकांच्या हिशेबाने सज्ञान. दोघांची बेरीज १४४, म्हणून खास पंगतीला बरोबर १४४ पाहुणे. भाषणात बिल्बो हे बारा डझनांचं गणित उघड करतो तेव्हा काही नातेवाईक मनातून चिडतात, की आम्हाला काय आकडा भरायला बोलावलं होतं, खोक्यातल्या मालासारखं? आमंत्रणांच्या उत्तरांनी दोन गावांची पोस्टं तुंबतात, हौशी पोस्टमन बोलवावे लागतात. गॅंडाल्फ या जादूगाराच्या आतषबाजीचा शेवट म्हणून लाल-सोनेरी ड्रॅगन लोकांच्या डोक्यावरून घोंघावत जातो, सगळे जमिनीवर लोटांगण घालतात, आणि बिल्बो शांतपणे सांगतो की ही जेवायला बसायची खूण होती.

नंतर तो गायब होतो आणि मागे चिठ्ठ्या लावलेल्या भेटी ठेवून जातो. पुस्तकं नेऊन परत न करणाऱ्याला पुस्तकांचं रिकामं कपाट. पत्रांना कधीच उत्तर न देणाऱ्याला पेन आणि शाईची बाटली. नात्यातल्या लोबेलियाबाईंना चांदीचे चमचे, कारण घरातले बरेचसे चमचे आधी त्यांनीच लांबवलेत असा बिल्बोचा संशय. अख्ख्या भाऊबंदकीचा पंचनामा केला आहे त्या एका पानात!

माझं म्हणणं असं की फँटसीतला हा भाग सगळ्यात अवघड. काळा किल्ला आणि लाल डोळे कोणीही रंगवेल. आपण कधी न पाहिलेल्या गावात, आपल्या ओळखीची नसलेली माणसं मजा करताहेत आणि तरी आपल्याला त्यांच्या पंगतीत बसावंसं वाटतं, हे जमवायला फार मोठा लेखक लागतो. कोण सहमत?

अर्धवट_वाचक

असहमत, आणि माझ्या बाजूने साक्षीदार मोठा आहे. टॉल्किनने सुरुवातीची प्रकरणं प्रकाशकाकडे धाडली तेव्हा प्रकाशकाच्या शाळकरी मुलाने वाचून तक्रार केली होती की यात हॉबिटांच्या गप्पा फार आहेत. त्यावर १९३८ साली टॉल्किनने उत्तर दिलं, त्याचा आशय असा: मला स्वतःला या गप्पांत साहसांपेक्षा जास्त मजा येते, पण आवर घालायला हवा. लेखकालाच कळत होतं की हे त्याचे स्वतःचे लाड आहेत. वाचकाने ते का पुरवायचे?

फँटसीत सोहळा कामाचा असतो तो एकाच कारणासाठी, तो उधळला जाणार असतो म्हणून. 'गेम ऑफ थ्रोन्स'मधलं रेड वेडिंग घ्या, म्हणजे पाहुण्यांची कत्तल होते ते लग्न (पुस्तकात २०००, मालिकेत २०१३). यजमानाच्या घरचं मीठ-भाकर खाल्लं की पाहुण्याच्या जिवाला धोका नाही, हा त्या जगातला सगळ्यात जुना नियम. त्या लग्नात मूळ पुस्तकातले वादक भयंकर बेसूर वाजवतात. वाचणाऱ्याला वाटतं यजमान कंजूष, स्वस्तातला बॅंड आणला असेल. मग कळतं की ते वादक नाहीतच, सज्ज्यात बसलेले धनुर्धारी आहेत. इथे मेजवानीची एकेक ओळ कामाला लागली आहे. बिल्बोच्या पार्टीत चमच्यांचा हिशेब आहे.

चौकस काकू

दोघांनाही एक विचारू का? आपल्या गोष्टींत हे सगळं एका वाक्यात का उरकायचं? आटपाट नगर होतं, राजाला मूल नव्हतं, व्रत केलं, मुलगा झाला, राजाने हत्तीवरून साखर वाटली. झाला सोहळा. श्रावणातल्या कहाण्या माझ्या आजीला तोंडपाठ होत्या. त्यात दारिद्र्याचं वर्णन भरपूर, सासुरवास भरपूर, आनंद आला की "साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण" म्हणून सगळे उठले. आम्हाला कधी कमी पडल्यासारखं वाटलं नाही.

ताकभात, तुमचा बिल्बो गोड आहे हो. पण पोस्टं तुंबेपर्यंत वर्णन कशाला लागतं?

ताकभात

काकू, तुमचा मुद्दा अर्धवटरावांपेक्षा अवघड आहे, म्हणून आधी तुम्हाला उत्तर.

हत्तीवरून साखर एका वाक्यात भागते, कारण ऐकणाऱ्याच्या घरी बारसं होऊन गेलेलं असतं. तोरण कसं दिसतं, घुगऱ्यांची चव काय, रुसलेली आत्या कोपऱ्यात कशी बसते, हे सांगावं लागत नाही. शिवाय कहाणी ऐकून झाली की पुढ्यात नैवेद्याचं पान असतंच! गोष्टीतला आनंद गोष्टीबाहेर वाढलेला असतो. शायरमध्ये, म्हणजे त्या हॉबिटांच्या मुलखात, आपलं कोणी राहत नाही. तिथे वाढदिवस ज्याचा तो इतरांना भेटी देतो, ही साधी रीतसुद्धा सांगावीच लागते.

अर्धवटराव, तुम्ही पत्राची अर्धीच बाजू घेतलीत. आवर घालायला हवा म्हणाला खरा, पण प्रकरण काढलं नाही. पुस्तक छापून आलं २९ जुलै १९५४ ला, तरी पार्टी जागच्या जागी. त्याच जुलैच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये मांसावरचं रेशन उठलं होतं. १९४० पासून कूपनं मोजून खाणाऱ्या लोकांच्या हातात हे प्रकरण पडलं. त्यांना ती पानं भरती वाटली असतील असं मला तरी वाटत नाही.

आणि सिनेमाचं काय? दिग्दर्शक पीटर जॅक्सनने वेळेसाठी टॉम बॉम्बाडिल हे अख्खं पात्र काढलं, शायरमधली शेवटची झटापट काढली. पार्टी ठेवली.

अर्धवट_वाचक

पार्टी ठेवली, पण तिथेही हात मारलाच. पुस्तकात ड्रॅगन सुटतो तो ठरल्याप्रमाणे, सिनेमात मेरी आणि पिपिन ही हॉबिट पोरं तो चोरून उडवतात. म्हणजे दिग्दर्शकालाही वाटलं की नुसती मजा पुरणार नाही, काहीतरी गडबड घालू.

आणि रेशनचं कशाला मध्ये आणता? ते प्रकरण लिहिलं गेलं डिसेंबर १९३७ मध्ये. तेव्हा कसलं रेशन आणि कसली कूपनं?

ताकभात

मी वाचणाऱ्यांबद्दल बोलत होतो. लिहिणाऱ्याबद्दल बोलायचं तर त्याने १९१६ ची सोमची लढाई खंदकातून पाहिली होती. पहिलं महायुद्ध संपेपर्यंत त्याच्या जिवलग मित्रांपैकी एकच जिवंत उरला होता, हे त्याने स्वतः प्रस्तावनेत नोंदवलं आहे. असा माणूस तंबू, कंदील आणि जेवणाच्या वेळा इतक्या मन लावून लिहितो, ते लाडापायी लिहितो असं मला वाटत नाही.

सांडगी मिरची

सगळे जेवून उठले असतील तर एक प्रश्न: भांडी कोणी घासली?

हसू नका. हॅरी पॉटरच्या शाळेत ताटं आपोआप भरतात, आपोआप स्वच्छ होतात. तीन पुस्तकं आपण मिटक्या मारत वाचतो. चौथ्यात हॅरीच्या मैत्रिणीला, हर्मायनीला, ऐन मेजवानीत कळतं की तळघरात घर-एल्फ नावाचे शंभराहून जास्त जादूई नोकर राबताहेत, बिनपगारी. ती ताट बाजूला सारते. आणि बाकीचे काय करतात? तिचा मित्र रॉन तिला खिजवायला पुडिंगचा वास तिच्याकडे ढकलतो. पुढे ती संघटना काढते तर सगळी शाळा हसते, आणि लेखिकाही बऱ्यापैकी त्या हसणाऱ्यांच्याच बाजूने दिसते. फँटसीतल्या सोहळ्यांची मला नेमकी हीच चीड येते. जादू म्हटलं की कष्ट दिसेनासे होतात, आणि आपण त्याला 'किती उबदार वाटतं ना' म्हणतो.

ताकभात, तुमचे ते 'हौशी' पोस्टमन. हौशी म्हणजे फुकट ना? हलकं घ्या, पण पूर्ण हलकं घेऊ नका.

ताकभात

शायरमध्ये निदान आचारी दिसतात की. मैदानाच्या कोपऱ्यात उघड्यावर स्वयंपाकघर, आसपासच्या एकूण एक खानावळींतून आलेले आचारी, जोडीला बौने. पोस्टमनांचं मात्र तुम्ही बरोबर पकडलंत, त्यांना काय मिळालं ते पुस्तकात नाही :)

सांडगी मिरची

आचारी दिसतात, पण एकालाही नाव नाही. आणि खास पंगतीत १४४ जण, त्यात बिल्बोचा माळी हॅमफास्ट गॅमजी आहे का? नातेवाईक आणि जवळचे मित्र तेवढे तंबूत, बाकी गाव बाहेर.

सणाच्या गोष्टीचं खरं पोट फाडलं ते लेखिका अर्सुला ले ग्विनने, १९७३ सालच्या एका कथेत. ओमेलास नावाचं शहर, उन्हाळ्याचा उत्सव, घंटा वाजताहेत, मिरवणूक, घोड्यांच्या माना सजवलेल्या, सगळे सुखी. आणि एका तळघरात कोंडलेलं एक मूल, घाणीत, उपाशी. त्या मुलाला बाहेर काढलं की शहराचं सुख संपणार, हे सगळ्यांना माहीत. बहुतेक जण पाहून येतात, रडतात, आणि पुन्हा उत्सवात सामील होतात. ही गोष्ट वाचल्यापासून कुठल्याही काल्पनिक राज्यात कंदील लागले की माझी नजर आधी तळघर शोधते.

पिंपळपान

मिरचीताई, ओमेलास काढलंत ते बरं केलंत, पण ती गोष्ट पहिल्यापासून पुन्हा वाचा. तळघर येईपर्यंत अर्धी गोष्ट नुसता उत्सव आहे. आणि त्या अर्ध्यात ले ग्विन आपल्यालाच चिमटा काढते: सुख म्हणजे काहीतरी बावळट, दुःखच तेवढं बुद्धिमान, अशी खोड आपल्याला पंडितांनी लावली आहे. ती वाचकाला विनवते की हवा तसा उत्सव तुम्ही कल्पा, पण विश्वास ठेवा. मग विचारते, बसला विश्वास? नाही? मग आणखी एक गोष्ट सांगते. आणि तेव्हा ते मूल येतं. म्हणजे तळघर आलं ते आपला आनंदावर विश्वास बसत नाही म्हणून! दोष शहराचा किती आणि वाचकाचा किती, हे ती मोकळं सोडते. तुमच्या बाजूची साक्ष म्हणून आणलेली बाई निम्मी ताकभातांच्या बाजूने बोलते आहे.

अर्धवटरावांसाठी आपल्याकडचं एक. (रामायणाला फँटसी म्हणत नाही, आधीच सांगतो. मारामारी नको.) वाल्मीकींच्या अयोध्याकांडात अभिषेकाच्या आदल्या दिवशीची अयोध्या आपल्याला कोणाच्या डोळ्यांनी दिसते? मंथरेच्या. ती सहज महालाच्या गच्चीवर जाते. खाली सडा घातलेले रस्ते, फुलं, पताका, न्हाऊन-माखून निघालेली माणसं. शेजारच्या दाईला ती विचारते, आज एवढा कसला आनंद? दाई बिचारी आनंदाच्या भरात सगळं सांगून टाकते. सोहळा आणि घात एकाच नजरेत. आता वाल्मीकींनी "नगर शृंगारलं" एवढंच म्हटलं असतं, तर मंथरेच्या पोटात काय पेटलं ते आपल्याला कळलं असतं का?

अर्धवट_वाचक

पण हे तर माझंच म्हणणं झालं! अयोध्येची सजावट पुढे वनवास आहे म्हणून लागते. तिथेही सोहळा ही तयारीच.

पिंपळपान

थांबा, आता उलट्या टोकाने बघा. त्या तीन खंडांच्या शेवटी युद्ध संपवून हॉबिट घरी येतात तर शायर उद्ध्वस्त झालेलं. किती काय काय दिसतं त्यांना, धुरांडी, पाडलेली घरं. त्यांच्यातला सॅम, त्या हॅमफास्ट माळ्याचा मुलगा, रडतो कधी? पार्टीच्या मैदानातलं झाड आडवं पडलेलं दिसतं तेव्हा. तेच झाड, ज्याच्याखाली बिल्बोने भाषण केलं. पहिलं प्रकरण गाळलेल्या त्या मुलीला हे कसं कळणार? तिच्यासाठी ते एक लाकूड.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, तयारीच. मान्य. पण पुढचं वर्ष? सॅम त्याच मैदानात नवं बी लावतो, १ मेला त्याचं लग्न होतं. पीक मायंदाळ, बार्ली इतकी चांगली की त्या वर्षाची बिअर लोक पुढे कित्येक वर्षं आठवतात. पोरं आलुबुखाराच्या झाडांखाली बसून इतकी फळं खातात की बियांचे ढीग लागतात. यानंतर कोणी हल्ला करत नाही. कोणी मरत नाही. कथानकाला या बियांचा काडीचा उपयोग नाही. हे सांगा, टॉल्किनने ते का लिहिलं आणि तुम्ही ते का वाचलंत?

अर्धवट_वाचक

वाचलं, आवडलंसुद्धा. पण पिंपळपान, ते सगळं मिळून जेमतेम पानभर आहे. तेवढंच पुरलं. वीस पानं लागली नाहीत.

चौकस काकू

हेच तर मी हत्तीवरच्या साखरेचं सांगत होते.

पिंपळपान

काकू, ते पानभर पुरतं कारण आधीची वीस पानं वाचून झालेली असतात. तुम्हीच तुमच्या आजीची कहाणी आठवा. सासुरवास तपशिलात ऐकल्याशिवाय ती साखर गोड लागली असती का?

चौकस काकू

अहो, पण मग तपशील दुःखाचा हवा. आधी दुःख भरपूर, मग सुख चिमूटभर. ताकभातांचा बिल्बो उलटं करतो, सुखच आधी पोटभर वाढतो. दोन्ही चालतं की काय ते मला अजून पटलेलं नाही. आजीला विचारलं असतं तर म्हणाली असती, भूक नसताना कोणी जेवायला बसतं का?

सांडगी मिरची

जाता जाता, पिंपळपान, ओमेलासबद्दल तुम्ही म्हणता ते पुन्हा वाचून पाहीन. पण "वाचकाचा विश्वास बसत नाही म्हणून मूल आलं" असं म्हटलं की शहरातल्या लोकांची फारच स्वस्तात सुटका होते. मुलाला पाहून येऊन परत मिरवणुकीत शिरणारे तेच आहेत, मी नाही.

बाकी सॅमची गंमत मात्र लक्षात घ्या. ज्याच्या बापाला मी खास पंगतीत शोधत होते, त्या माळ्याच्या पोराचं लग्न आणि त्याने लावलेलं झाड, यावर पुस्तकाचा दुसरा उत्सव उभा आहे. हा भाग आवडला मला. पहिल्या पार्टीपेक्षा जास्त.

ताकभात

त्या मुलीचा आत्ताच मेसेज आला. सल्ला न ऐकता तिने पहिल्यापासूनच सुरू केलंय. चमच्यांच्या पानापर्यंत पोचली आहे आणि विचारते, पुस्तकाचं रिकामं कपाट मिळालेला माणूस पुढे परत येतो का? मी सांगितलं नाही. अर्धवटराव, तुम्हीही सांगू नका.