लिनक्ससाठी वापरलेला थिंकपॅड
पंचवीस हजार रुपयांत लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमसाठी नवा लॅपटॉप घ्यावा की वापरलेला, या प्रश्नावर माझे मत वापरलेल्या थिंकपॅडकडे (लेनोवोच्या लॅपटॉप मालिकेकडे) झुकते. २०१८ सालच्या टी४८० या थिंकपॅडमध्ये रॅमचे दोन स्लॉट असल्याने ती पुढे वाढवता येते. स्वस्तातल्या अनेक नव्या लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. इंटेलच्या वायफाय कार्डाचा ड्रायव्हर (ते चालवणारा प्रोग्राम) लिनक्स कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो, त्यामुळे ते सहसा लगेच चालते. (दुसऱ्या कंपनीच्या वायफाय चिपच्या नादाने मी महिनाभर मोबाइलला केबल जोडून इंटरनेट वापरले आहे.) म्हणून दुकानात उबुंटूचा (लिनक्सच्या एका प्रकाराचा) लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे लॅपटॉपवर काही न बसवता ज्यावरून लिनक्स थेट सुरू करता येते असा, सोबत न्यावा आणि पैसे देण्यापूर्वी वायफाय, आवाज, कॅमेरा, तसेच झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप पुन्हा जागा होतो की नाही, हे तपासावे. बॅटरी बहुधा थकलेलीच निघते, तिचे पैसे वेगळे धरावेत.