जुन्या लॅपटॉपवर पहिल्यांदाच लिनक्स: विंडोजशेजारी टाकू की वेगळ्या एसएसडीवर?

नमस्कार मंडळी,

लॅपटॉप सहाव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, १ टीबीची जुनी फिरती हार्ड डिस्क. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ या प्रोसेसरला घेत नाही. मशीन तसं ठणठणीत आहे, भंगारात काढायला जीव होत नाही. काम म्हणाल तर ब्राउझर, थोडंफार लिखाण, हिशेबाच्या शीट्स आणि मराठी टायपिंग. गेम वगैरे काही नाही.

कुठलं डिस्ट्रो (म्हणजे लिनक्सचा कुठला अवतार), यावर चार रात्री घालवल्या. उबुंटू ४ जीबीत जड जाईल असं वाटलं. फेडोराची एकेक आवृत्ती साधारण १३ महिनेच चालते, दरवर्षी अपग्रेडचा घाट घालायची माझी तयारी नाही. शेवटी मिंट २२वर आलोय, एप्रिल २०२९पर्यंत अपडेट मिळणार म्हणून. मिंटच्या डेस्कटॉपांपैकी सिनॅमन दिसायला छान, पण रॅम बघून हलकं एक्सएफसीई उतरवलं. हे बरोबर केलं ना? एवढ्या रॅमवर कुणी सिनॅमन रोज वापरत असेल तर जरूर सांगा, मन अजून तिकडे ओढतंय.

इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह एचर या प्रोग्रामने बनवला. नंतर तो विंडोजमध्ये लावला तर ‘फॉरमॅट करायचा का?’ असा प्रश्न, आणि मी होय म्हणता म्हणता राहिलो! मग लाइव्ह (इन्स्टॉल न करता, पेनड्राइव्हवरूनच मिंट) चालू केलं. आवाज, टचपॅड, ब्राइटनेसच्या कळा सगळं चाललं. मराठी टायपिंगचा इन्स्क्रिप्ट लेआउटही कीबोर्डच्या सेटिंगमध्ये सापडला. फक्त वायफायच्या यादीत एकही नाव नाही. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग केलं, ड्रायव्हर मॅनेजरने एक ड्रायव्हर सुचवला, तो टाकल्यावर वायफाय आलं. रीस्टार्ट केल्यावर पुन्हा गायब. लाइव्हमध्ये काही साठत नाही हे नंतर कळलं. इन्स्टॉल केल्यावर हा ड्रायव्हर टिकतो, बरोबर?

आता खरी अडचण. डिस्कवर घरच्यांचे दहा-बारा वर्षांचे फोटो आहेत (बॅकअप घेतलाय, पण एकच, आणि तोही जुन्या डिस्कवर). मिंटसाठी जागा काढायला विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्ह आकसायला गेलो तर जवळपास ४०० जीबी मोकळे असूनही फक्त ३८ जीबी काढून देतंय. न हलणाऱ्या फाइल्स मध्येच बसल्या आहेत म्हणे. पेजफाइल (रॅम कमी पडल्यावर विंडोज वापरतं ती डिस्कवरची फाइल) आणि हायबरनेशन (रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून झोपणं) बंद करून पुन्हा बघू, की मिंटच्या इन्स्टॉलरलाच जागा करू देऊ? हायबरनेशनसोबत फास्ट स्टार्टअपही जातं, ते तसंही बंद करायचंच होतं. नाहीतर विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्समधून तो ड्राइव्ह नुसता वाचता येतो, लिहिता येत नाही.

दुसरी गोची: सिस्टम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोडपुढे ‘लेगसी’ (मशीन सुरू होण्याची जुनी पद्धत) दिसतंय. मधे कुणीतरी विंडोज नव्याने टाकून दिलं होतं, तेव्हाचं असावं. पेनड्राइव्ह मात्र यूईएफआयमध्ये (नव्या पद्धतीने) बूट झाला होता. तसंच इन्स्टॉल केलं तर ग्रबच्या (सुरू होताना कुठली सिस्टम ते विचारणाऱ्या) मेनूत विंडोज दिसणार नाही असं वाचलं. म्हणजे पेनड्राइव्हही लेगसीतच बूट करून घ्यायचा का?

या सगळ्यापेक्षा सोपं म्हणून वेगळाच मार्ग डोक्यात आहे. २४० जीबीची साधी साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) घ्यायची, जुनी हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवायची आणि एसएसडीवर एकटं मिंट, यूईएफआयमध्ये. ग्रबचा घोळ नाही, फोटोंना धक्का नाही, जमलं नाही तर चार स्क्रू काढून जुनी डिस्क परत आत. वेगही वाढेल. मला हेच पटतंय, पण दोन शंका आहेत. एसएसडी असेल तर ४ जीबी रॅमवर सिनॅमन चालून जाईल का? आणि ती जुनी डिस्क नंतर यूएसबी केसमध्ये घालून मिंटला जोडली तर फोटो सरळ उघडतील ना, की विंडोज व्यवस्थित बंद करूनच ती काढायला हवी?

शनिवारी बसणार आहे. तोपर्यंत पेनड्राइव्ह तसाच ठेवलाय, वर ‘फॉरमॅट करू नये’ अशी चिठ्ठी लावून.