शब्दचर्चा : निर्वासितांची ‘छावणी’ की ‘वसाहत’? ‘सूचना’ की ‘माहिती’?

प्रश्न (लातूर) : निर्वासितांच्या वस्तीत लोकांना कोणती माहिती लागते, यावरच्या पुस्तिकेचं मराठी करते आहे. ‘छावणी’ लिहावं की ‘शिबिर’? ‘सूचना’ आणि ‘माहिती’ एकच धरावेत का?

धाराशिवकर : ताई, ‘छावणी’ नको. आपल्याकडं दुष्काळात छावणी म्हणजे चारा छावणी, संभाजीनगरात लष्कराची. ‘शिबिर’ चार दिवसांचं, रक्तदानाचं नाहीतर डोळ्यांचं. युगांडात निर्वासितांना घराला आणि पिकवायला जमिनीचा तुकडा देतात, माणसं वर्षानुवर्षं राहतात. त्याला ‘वसाहत’च शोभतं.

बीडहून : ‘निर्वासित’ फक्त सीमा ओलांडून आलेल्यांनाच म्हणा. जायकवाडीचे धरणग्रस्त, किल्लारीचे भूकंपग्रस्त हे देशातल्या देशात विस्थापित. ऊसतोडीला जाणारे स्थलांतरित. शब्द बदलला की माणसाचा पहिला प्रश्नही बदलतो. निर्वासित विचारतो, ‘नोंदणीचा कागद कुठं मिळतो, परत तर धाडणार नाहीत ना?’ विस्थापित विचारतो, ‘मोबदला किती, घराचा कबाला कुणाच्या नावानं?’

धाराशिवकर : ‘सूचना’ आणि ‘माहिती’ मात्र कृपा करून एक करू नका. १९९३च्या भूकंपानंतर जमीनधारणेवरून २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरं ठरली. ‘यादी लागली आहे’ ही सूचना. ‘तुम्हाला २५०च का, हरकत कुठं आणि कोणत्या तारखेपर्यंत घ्यायची’ ही माहिती. सूचना वरून येते. माहिती मागता येते.

जालना : दौंडीचाही विचार करा. निरक्षर माणसापर्यंत ती पोचते, पण एकदाच ऐकू येते. त्यात ‘उद्यापासून धान्य’ म्हटलं की ऐकणारा दुसऱ्या दिवशी तेच शब्द पुढं सांगतो आणि दिवस चुकतो. वार आणि तारीख दोन्ही हवेत. जागा, वेळ, कोणता कागद आणायचा, आणि पैसे लागत नाहीत हेही सांगावं. शेवटचं राहिलं की दलाल उभा राहतो. बाया पाण्याला गेल्या असताना दिलेली दौंडी फुकट जाते, म्हणून सकाळ-संध्याकाळ दोनदा द्यावी. तीच गोष्ट फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहावी आणि तारीख उलटली की पुसावी. जुना मजकूर राहिला, तर लोक नव्यावरही विश्वास ठेवत नाहीत.

प्रश्न (लातूर) : मग प्रकरणाचं नाव ‘वसाहतीतल्या लोकांना काय विचारायचं असतं’ असं केलं तर?

बीडहून : हेच ठेवा. ‘माहितीविषयक गरजा’पेक्षा लगेच कळतं.