उद्या लाइट नाही, फॅक्टरच्या बाटल्या कुठे ठेवू?

ए-२०४: नमस्कार. उद्या १० ते ४ लाइट जाणार आहे. कोणाचा फ्रिज इन्व्हर्टरवर चालतो का? लेकाला हिमोफिलिया आहे, रक्त लवकर थांबत नाही; त्यावरच्या फॅक्टर ८ इंजेक्शनच्या चार बाटल्या ठेवायच्या आहेत.

सी-१०१: आमचा चालतो, आणून द्या. बर्फाच्या कप्प्यात ठेवू का? जास्त गार राहतील.

ए-२०४: नको काका, तिथे अजिबात नको! गोठलं की औषध वाया गेलं. २ ते ८ डिग्री हवं. मधल्या कप्प्यात ठेवा, मागच्या भिंतीला टेकू देऊ नका.

बी-४०३: पाच-सहा तास बाहेर राहिल्या तर एवढं काय होतंय?

ए-२०४: काही दिवस बाहेर चालतात, पण आमच्या कंपनीच्या कागदावर लिहिलंय की एकदा बाहेर काढून ठेवलेली बाटली परत फ्रिजमध्ये ठेवायची नाही. त्यात हा मे महिना. आणि चारही बाटल्या मला हाताशी हव्यात. तो २२ किलोचा आहे. किलोमागे १ युनिट दिलं की रक्तातला फॅक्टर २ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे ५०० युनिटची एक बाटली ४५ टक्क्यांपर्यंत नेते. गुडघा सुजला तर डॉक्टर तेवढीच सांगतात. पण डोक्याला लागलं तर एका वेळी दोन लागतात. म्हणून सगळ्यांना हात जोडून सांगते, खेळताना त्याचं डोकं आपटलेलं दिसलं तर टेंगूळ येतंय का बघत थांबू नका, लगेच मला फोन करा. आधी फॅक्टर, मग स्कॅन.

ए-३०१ (सिस्टर): बरोबर. मीही टोचायला येते तेव्हा आधी तारीख बघते, बाटली हातात धरून खोलीच्या तापमानाला येऊ देते. पावडरीत पाणी घातल्यावर हलक्या हाताने गोल फिरवायची, खळखळ हलवायची नाही. पाणी स्वच्छ दिसलं, गुठळी नसली तरच भरायचं. आणि शिरेतच, हळूहळू. दंडात-कमरेत सुई नाही, स्नायूत रक्त साठतं. बॅचचं स्टिकर वहीत चिकटवते.

बी-४०३: मागे तो जिन्यात पडला तेव्हा मी ब्रुफेन आणून दिली, तुम्ही परत केलीत. मला वाईट वाटलं होतं.

ए-२०४: वहिनी, तेव्हा मी घाबरले होते, नीट सांगितलंच नाही. ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिनने रक्त अजून थांबेनासं होतं. त्याला फक्त पॅरासिटामॉल, तीही विचारून.

बी-४०३: असं होय. घरात सगळ्यांना सांगते.

डी-१०२: एवढी वर्षं देताय, तरी दर वेळी धास्ती का?

ए-२०४: कारण शरीर कधीकधी फॅक्टरच्याच विरोधात उठतं, इनहिबिटर म्हणतात त्याला. मग नेहमीच्या डोसने रक्त थांबत नाही. म्हणून ठरावीक दिवसांनी तपासणी करतो, ऑपरेशनआधी तर हमखास. अंगावर गांधी आल्या, धाप लागली तर इंजेक्शन तिथल्या तिथे थांबवायचं.

सी-१०१: साडेनऊला या. हिने मधला कप्पा रिकामा केलाय, कढीचं पातेलं खाली सरकवलं.

ए-२०४: येते काका. बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून आणते, बाटल्यांना नुसती लागायला नको.